साडूचा रोबोट, माझी दुर्बीण

सेलूच्या मोंढ्यात माझं बी-बियाणं, खतं-औषधांचं दुकान आहे. गेल्या जूनमध्ये ऐन पेरणीच्या गर्दीत मला धाप लागायला लागली. सोयाबीनची पिशवी उचलून गिऱ्हाइकाच्या मोटारसायकलवर ठेवायची, एवढंच काम. पण दुसऱ्या-तिसऱ्या पिशवीला खाली टेकावं लागायचं. गावातल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ८.१ निघालं. लोहाच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाले, पालेभाज्या खा, उन्हात फिरू नका. दोन महिने गोळ्या खाल्ल्या, तर आकडा वाढायचा सोडून ७.४ वर आला. त्यांनी गोळीची कंपनी बदलली.

पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषाचं रक्त कमी होतंय म्हणजे ते कुठून तरी जातंय, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही. मी तरी कुठे विचारला? टाकीतलं पाणी रोज उतरायला लागलं तर मी आधी गळती शोधतो. स्वतःच्या अंगाच्या बाबतीत मात्र वरून बादल्या ओतत बसलो.

गळती शोधली ती पोरीनं. ती नांदेडला फार्मासिस्ट आहे. पोळ्याला घरी आली, माझा चेहरा बघितला आणि म्हणाली, "पप्पा, शौचाची तपासणी केली का?" शौचात डोळ्यांना न दिसणारं रक्त सापडलं. मग परभणीला कॉलोनोस्कोपी, म्हणजे खालून कॅमेरा घालून मोठं आतडं आतून बघायची तपासणी. तिच्या आदल्या रात्री दोन लिटर पाण्यात पावडर कालवून प्यावी लागते. चव लिंबाची म्हणतात, पण ती मिठाच्या पाण्यात लिंबाचं चित्र बुडवल्यासारखी असते. रात्रभर मी आणि संडास. तपासणीच्या वेळी गुंगीचं इंजेक्शन होतं, काही कळलं नाही. कळलं ते बायकोचा चेहरा बघून.

मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला गाठ. तुकडा तपासणीला गेला आणि आठ दिवसांनी कागदावर छापून आलं: अ‍ॅडेनोकार्सिनोमा, म्हणजे कॅन्सर. सीटी स्कॅनमध्ये यकृत आणि फुप्फुसं स्वच्छ होती. सीईए नावाची, कॅन्सरचा माग काढायची रक्ततपासणी ६.२ आली, म्हणजे थोडी वाढलेली. ऑपरेशन करावं लागणार हे नक्की झालं. कसं करायचं, यावरून पुढे तीन आठवडे आमच्या घरात बाजार भरला.

त्याला कारण माझा लातूरचा साडू. दोन वर्षांपूर्वी त्याचं गुदाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन पुण्यात रोबोटनं झालं होतं. माणूस ठणठणीत. त्यामुळे त्याच्या बायकोचे, म्हणजे माझी मेहुणी ताराचे, फोन दिवसातून दोनदा: "दाजी, पैशाकडं बघू नका, रोबोटच करा." आमची आई ऐंशीच्या पुढची. तिनं एकच विचारलं, "म्हंजे मिशीनच पोट फाडनार? डाक्टर काय करायलेत मग?"

तिच्या प्रश्नाला मी हसलो खरा, पण मलाही तेव्हा तसंच वाटत होतं. नंतर कळलं की रोबोट स्वतः काहीच करत नाही. डॉक्टर चार-सहा फुटांवर एका कॉन्सोलवर बसतात, डोळे आत घालून मोठं केलेलं, खोली दाखवणारं चित्र बघतात आणि बोटं हलवतात. त्यांची बोटं जशी हलतील तशी रोगीच्या पोटातली अवजारं हलतात. अवजाराला मनगट असतं, ते माणसाच्या मनगटापेक्षाही जास्त वळतं, आणि हाताचा बारीक थरथराट यंत्र गाळून टाकतं. साध्या दुर्बिणीच्या, म्हणजे पोटाला बारीक भोकं पाडून कॅमेऱ्यावर बघत केलेल्या ऑपरेशनमध्ये अवजारं सरळ, लांब काठ्यांसारखी असतात. आमच्याकडे विहिरीत घागर पडली की गळ टाकून काढतात. वरून वाकून बघायचं, हात इकडे नेला की गळ तिकडे जातो, आणि तरी सवयीचा माणूस दोन मिनिटांत घागर वर आणतो. दुर्बीण म्हणजे साधारण तसंच.

आधी पुण्याला गेलो. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं, मी, बायको आणि पोरगा. हॉस्पिटल मोठं होतं. डॉक्टर पाच मिनिटं भेटले, नीट बोलले, आणि मग आम्हाला एका खोलीत पाठवलं. तिथे समुपदेशक म्हणून बसलेल्या ताईंनी आमच्यापुढे गुळगुळीत कागदाचं पत्रक ठेवलं. वर पांढऱ्या यंत्राचा फोटो, खाली तीन ओळी: वेदना कमी, रक्तस्राव कमी, लवकर घरी.

आता पत्रकं हा माझा धंदा आहे. दर मे महिन्यात कंपन्यांचे प्रतिनिधी माझ्या काउंटरवर असली पत्रकं ठेवून जातात. 'उत्पन्नात ३० टक्के वाढ' असं लिहिलेलं असतं. कशापेक्षा वाढ, ते लिहिलेलं नसतं. खोदून विचारलं तर कळतं की तुलना घरच्या जुन्या बियाण्याशी केली होती, शेजारच्या कंपनीच्या वाणाशी नाही. म्हणून मी विचारलं, "ताई, कमी म्हणजे कशापेक्षा कमी?" त्या म्हणाल्या, "नेहमीच्या ऑपरेशनपेक्षा." "नेहमीचं म्हणजे पोट उघडून केलेलं की दुर्बिणीचं?" त्या जरा थांबल्या. "ओपनपेक्षा," म्हणाल्या.

तिथेच माझं अर्धं काम झालं. पोट उघडून करण्याशी तुलना केली तर दुर्बीणही त्याच तीन ओळी छापू शकते. अंदाजपत्रकात दुर्बीण आणि रोबोट यांच्यात पावणेदोन लाखांचा फरक होता. तो फरक कशाचा, तेही मी विचारलं. उत्तर मिळालं "टेक्नॉलॉजीचा". खरं उत्तर पोरीनं शोधलं. यंत्रच कोट्यवधींचं असतं, ते एक. शिवाय त्याच्या अवजारांना मोजून आयुष्य दिलेलं असतं. प्रत्येक अवजार किती ऑपरेशनांत वापरलं ते यंत्र मोजतं आणि ठरलेला आकडा संपला की ते घेतच नाही, मग अवजार कितीही धड दिसो. प्रिंटरच्या शाईच्या डबीत चिप असते ना, तसलाच प्रकार. दा विंची या अमेरिकी यंत्राला तिकडे २००० साली मान्यता मिळाली आणि पुढे बरीच वर्षं बाजारात जवळपास तेच एक होतं. आता आपल्याकडे एसएसआय मंत्रा नावाचं देशी यंत्रही आलं आहे.

परतीच्या गाडीत पोरगा म्हणाला, "पप्पा, दोन लाखासाठी कशाला मागंपुढं बघायलात? दोन-तीन एकर कापूस गेला समजा." बायको खिडकीतून बाहेर बघत राहिली. तिच्या मनात रोबोटच होता, मला माहीत होतं. मी काहीच बोललो नाही. महाग तेच चांगलं, असं वाटून जास्त भावाची थैली मागणारं गिऱ्हाईक मी रोज बघतो. त्या रात्री ते गिऱ्हाईक मीच होतो.

दुसरं मत छत्रपती संभाजीनगरला घेतलं. सकाळच्या रेल्वेनं जालन्यावरून. इथल्या सर्जन बाई चाळिशीच्या. त्यांनी सीटीची सीडी स्वतः लावून बघितली आणि पहिलं वाक्य असं बोलल्या, "माझ्याकडे रोबोट नाही, हे आधीच सांगते. म्हणजे मी जे सांगेन ते त्या हिशोबानं ऐका." दुकानात माल नाही हे आधी सांगणारा दुकानदार मला आवडतो.

मग त्यांनी केसपेपर उलटा केला आणि पाठीमागे आतडं काढलं. उलट्या यू सारखं. उजव्या हाताला खाली एक गोळा: "ही तुमची गाठ." इथे आतडं रुंद असतं आणि मळ पातळ, म्हणून पोट अडलं नाही, दुखलंही नाही. फक्त रक्त झिरपत राहिलं. मग डावीकडून खाली उतरून त्यांनी एक निमुळतं नरसाळं काढलं: "हा कटिभाग, इथे गुदाशय. तुमच्या साडूंची गाठ इथे होती. पुरुषाची ही जागा अरुंद असते. सरळ काठ्या तिथे एकमेकींवर आपटतात, रोबोटचं मनगट तिथे खरं कामाला येतं. साडूंच्या जागी तुम्ही असतात तर मीच तुम्हाला पुण्याला पाठवलं असतं. तुमची गाठ मात्र उघड्या रानात आहे."

नरसाळं आणि उघडं रान. तीन आठवड्यांच्या फोनाफोनीत हे कुणीच सांगितलं नव्हतं. आम्ही सगळे 'आतड्याचा कॅन्सर' असा एकच शब्द धरून बसलो होतो.

रोबोटच्या बाजूचंही त्यांनी झाकून ठेवलं नाही. गाठीचा भाग कापल्यावर लहान आतडं मोठ्या आतड्याला जोडावं लागतं. रोबोटनं हा जोड आतल्या आत शिवणं सोपं जातं, आणि मग कापलेला तुकडा खाली ओटीपोटाच्या आडव्या कापातून काढता येतो. "मी आतडं पोटाबाहेर काढून जोड देते, म्हणून माझा काप बेंबीपाशी येईल. तिथे पुढे हर्निया होण्याची शक्यता खालच्या कापापेक्षा थोडी जास्त. हे मान्य करून सही करा."

म्हणजे काप दोन्हीकडे आहेच! भोकं बारीक असतात हे खरं, पण वीतभर आतडं चरबीसकट भोकातून कसं निघणार? एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती.

मी विचारलं, "तुम्ही स्वतः अशा किती केल्या?" विचारताना जीभ जड झाली. आपल्याकडे डॉक्टरला असं विचारायची पद्धत नाही. त्यांना राग आला नाही. उजव्या बाजूच्या दीडशेच्या वर, म्हणाल्या, आणि त्यांतल्या किती जणांचं पोट मध्येच उघडावं लागलं, किती जणांचा जोड गळला, तेही बोटांवर मोजून सांगितलं. पुण्यात मी हे विचारलंच नव्हतं. यंत्राच्या फोटोसमोर माणसाचा हिशोब विचारायचं सुचत नाही.

रात्री पोरगी फोनवर अभ्यास वाचून दाखवत होती. दुर्बीण विरुद्ध पोट उघडून, असा मोठा अभ्यास अमेरिकेत झाला, २००४ साली छापून आला. ४८ रुग्णालयं, ८७२ रोगी, सगळे मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे. तीन वर्षांनी कॅन्सर परतण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखं. दुर्बिणीनं कॅन्सर पोटात पसरेल ही जुनी भीती त्यानं मोडली. मग कोरियातला, माझ्याच ऑपरेशनचा: उजवी बाजू, रोबोट विरुद्ध दुर्बीण, ३५ आणि ३५ रोगी. मुक्काम, त्रास आणि काढलेल्या लसीका ग्रंथी (आतड्याभोवतीच्या बारीक गाठी, जिथे कॅन्सर आधी पसरतो) सारख्याच; रोबोटला वेळ मात्र १९५ मिनिटं आणि दुर्बिणीला १३०, शिवाय खर्च जास्त. ७० माणसांचा अभ्यास छोटाच, हे पोरीनंच सांगितलं.

गुदाशयाचं चित्र वेगळं निघालं. २०१७ साली छापलेल्या, १० देशांतल्या ४७१ रोगींच्या अभ्यासात मध्येच पोट उघडावं लागण्याचं प्रमाण दुर्बिणीत १२.२ टक्के आणि रोबोटमध्ये ८.१ टक्के होतं. पण तेवढ्या आकड्यावर फरक सिद्ध झाला असं म्हणता येत नव्हतं. नंतर चीनमधल्या ११ रुग्णालयांत सुमारे १२०० रोगींवर मोठा अभ्यास झाला, गुदाशयाच्या मधल्या आणि खालच्या गाठींचा. त्यात तीन वर्षांनी त्याच जागी कॅन्सर परतण्याचं प्रमाण रोबोटमध्ये १.६ आणि दुर्बिणीत ४ टक्के. बायको हे ऐकत होती. म्हणाली, "म्हंजे ताराच्या नवऱ्याचं बरोबर होतं की." बरोबरच होतं. त्याच्या जागेला.

दुर्बीण ठरली. ऑपरेशन जनआरोग्य योजनेत बसलं. आता त्यात कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. रेशनकार्डावर माझं नाव एका काना-मात्रेनं चुकलेलं, त्यापायी दोन दिवस तहसीलच्या चकरा झाल्या. तो वेगळा विषय आहे आणि त्यावर मी लिहायला बसलो तर आतडं राहून जाईल.

आधी रक्त भरून काढलं. एक पिशवी रक्त, आणि लोहाचं गडद तपकिरी सलाईन, चहाच्या गाळासारखं. हातात फुप्फुसांच्या व्यायामासाठी तीन गोळ्यांचं प्लॅस्टिकचं खेळणं दिलं. फुंकायचं नाही, श्वास आत ओढायचा. तिन्ही गोळ्या वर गेल्या पाहिजेत. पहिल्या दिवशी एकच गेली. पोरगा शेजारच्या खाटेवर बसून तिन्ही उडवायचा आणि माझ्याकडे बघायचा.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात ऑपरेशन झालं. भुलीच्या डॉक्टरांनी गाव विचारलं, मी 'सेलू' म्हणालो, आणि पुढचं एकदम संध्याकाळचं आठवतं. मधलं पोरानं सांगितलं. तीन तासांनी त्याला आत बोलावून स्टीलच्या ट्रेमध्ये काढलेलं आतडं दाखवलं. बाईंनी ते उभं चिरून उघडलेलं होतं. गाठ लिंबाएवढी, कडा बाहेर वळलेल्या, मधे खळगा. सोबत अपेंडिक्सही गेलेलं. पोरगा मोंढ्यात हमालांशी हुज्जत घालणारा गडी. बाहेर येऊन पायरीवर बसून राहिला. मला हे महिनाभरानं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सनं उभं केलं. पोटापेक्षा उजवा खांदा दुखत होता. मी घाबरलो, म्हटलं हृदयाचं काही. बाई म्हणाल्या, पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात, त्यानं छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याला त्रास होतो आणि दुखतं ते खांद्यात. साडूला विचारलं, त्यालाही तसंच झालं होतं. रोबोट असला तरी पोट गॅसनंच फुगवतात.

मग सुरू झाला एकच प्रश्न. राउंडचे डॉक्टर, नर्स, झाडूवाल्या मावशी, सगळे एकच विचारायचे: "गॅस गेला का?" आतडं चालू झाल्याची ती खूण. तिसऱ्या दिवशी पहाटे गेला. बायकोनं ही बातमी फोनवरून आईला दिली, आईनं गल्लीला, आणि दुपारपर्यंत मोंढ्यात माझ्या शेजारच्या आडत्याचा फोन आला, "शेठ, अभिनंदन." मुलाच्या लग्नातही एवढ्या आनंदानं कुणी फोन करणार नाही. पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत जोड गळण्याची धास्ती असते, म्हणून ताप आणि नाडी बघत ठेवलं. सातव्या दिवशी घरी.

दिवाळीत साडू भेटायला आला. आम्ही दोघं मागच्या खोलीत, दार लावून, बनियन वर करून. त्याच्या पोटावर चार भोकं, आठ-आठ मिलिमीटरची, दोरी लावून पाडल्यासारखी तिरप्या रेषेत, आणि एक बाजूला. माझी वेगवेगळ्या मापांची, इकडे तिकडे पेरलेली. माझा काप बेंबीपाशी, चार बोटं. त्याचा खाली, सिझेरियनसारखा, "दोन लेकरं झाल्यावानी" असं तोच म्हणाला. आणि उजवीकडे एक जाड, आत ओढलेला व्रण. हा कशाचा?

"पिशवीचा," तो म्हणाला. खालचा जोड भरेपर्यंत तीन महिने शौचाची पिशवी पोटावर लावली होती. दोन वर्षांत हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. रोबोट सगळ्यांना सांगितला. "अजून दिवसातून पाच-सहादा जावं लागतं, साडूभाऊ. बस लांबची असली की सकाळी जेवत नाही मी." आम्ही बनियन खाली केले. मेहुणी दाराबाहेरून ओरडली, चकल्या गार व्हायल्या म्हणून.

माझा रिपोर्ट त्याआधी आला होता. किमान १२ लसीका ग्रंथी तपासायला मिळाव्यात असा नियम आहे. माझ्या २१ निघाल्या. कापलेल्या आतड्याच्या कडा स्वच्छ. पण २१ पैकी एका ग्रंथीत कॅन्सर होता. म्हणजे कॅन्सरची तिसरी पायरी (स्टेज), म्हणजे केमो. रिपोर्ट हातात घेऊन मी बाईंना विचारलंच, "रोबोटनं केलं असतं तर?" त्या म्हणाल्या, "ती ग्रंथी ऑपरेशनच्या आधीच तशी होती. रोबोटनंही तीच निघाली असती." मला ते पटलं. बायकोला पटायला वेळ लागला, आणि अजून एखाद्या रात्री ती छताकडे बघत असते तेव्हा काय हिशोब करते ते मी विचारत नाही.

केमोची चार आवर्तनं, तीन-तीन आठवड्यांनी. एक दिवस सलाईनमधून ऑक्झालिप्लॅटिन, मग चौदा दिवस गोळ्या, सात दिवस सुट्टी. केस गेले नाहीत. पण त्या औषधानं थंड वस्तू सोसत नाही. नेमकी आमच्या परभणी जिल्ह्यातली थंडी, मराठवाड्यात सगळ्यात कडक. माठातलं पाणी घशात काटे टोचल्यासारखं लागतं. दुकानाचं कुलूप धरलं की बोटांत करंट बसतो, पोरगा खोटं समजायचा. आता तोच आठ वाजता येऊन शटर वर करतो, खुर्ची उन्हात ठेवतो, आणि मी लोकरीचे हातमोजे घालून हरभऱ्याच्या औषधांचे भाव सांगत बसतो. तिसरं आवर्तन परवा आहे.